हातातील खेळयंत्रावरील मोटार-शर्यत : रचना, प्रतिसादकाल आणि रस्त्यावरील वास्तव

बीजसंज्ञा : हँडहेल्ड कन्सोल, ब्रिक गेम, पूर्वदर्शन-काल, प्रतिसादकाल, आट्यापाट्या, थांबण्याचे अंतर

प्रस्तावना

उदगीर, देवणी, अहमदपूर, देगलूर या परिसरात १९९० नंतरच्या दीड दशकात वाढलेल्या पिढीपैकी अनेकांना प्रोग्रामवर चालणाऱ्या यंत्राचा पहिला परिचय शाळेच्या संगणक कक्षात झाला नाही. तो झाला बाजारपेठेतील किंवा जत्रेतील खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या 'ब्रिक गेम' नावाच्या, तळहातावर मावणाऱ्या यंत्रामुळे. खोक्यावर '९९९९ इन १' असे छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ डझन-दीड डझनच असत. वेग आणि पायरी यांचे फेरफार वेगळे मोजून हा आकडा फुगवलेला असे. त्यांत विटा रचण्याचा खेळ होता, साप होता, रणगाडा होता आणि मोटारींची शर्यत होती. या शेवटच्या खेळाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विषय किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. व्हिडिओ गेमविषयी महाविद्यालयीन वर्तुळात होणारी चर्चा बहुधा दोनच दिशांनी जाते : व्यसन किंवा वेळेचा अपव्यय. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश केला, ती आवृत्ती २०१९ मध्ये मान्य झाली व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. त्यामुळे पहिल्या दिशेला वैद्यकीय आधार मिळाला आहे, हे खरे. परंतु खेळणारा त्या यंत्रापुढे नेमके काय करीत असतो, यंत्र त्याच्याकडून कोणते कौशल्य मागते आणि कोणती गोष्ट त्याच्यापासून लपवून ठेवते, याचा विचार या चर्चेत क्वचितच होतो. हाच विद्यार्थी पुढे बारावीनंतर मोटारसायकलवरून खेड्यातून किंवा तांड्यावरून महाविद्यालयात येऊ लागतो. म्हणून हा विचार अध्यापकांच्या दृष्टीने अगत्याचा ठरतो.

यंत्राची पूर्वपीठिका

हातात धरून खेळण्याच्या पूर्णतः इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा आरंभच मोटार-शर्यतीने झाला, ही बाब फारशी परिचित नाही. अमेरिकेतील मॅटेल या खेळणी-कंपनीने १९७६ मध्ये 'ऑटो रेस' हे यंत्र तयार केले. कल्पना जॉर्ज क्लोझ यांची आणि प्रोग्राम मार्क लेसर यांचा होता. त्यासाठी रॉकवेल कंपनीची कॅल्क्युलेटरची चिप वापरण्यात आली. पडदा असा नव्हताच. लाल दिव्यांच्या बारीक रेघा पेटत व विझत, आणि त्यांनाच मोटारी मानायचे. तीन पट्ट्यांतून समोर येणाऱ्या रेघा चुकवीत ९९ सेकंदांत चार फेऱ्या पूर्ण करावयाच्या, एवढाच खेळ. संपूर्ण प्रोग्राम ५१२ बाइटांत बसवलेला होता. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट जागा घेते. त्या हिशेबाने ५१२ बाइटांत १७० चिन्हे मावतात. म्हणजे या परिच्छेदाची पहिली तीन वाक्येसुद्धा त्या जागेत धड मावणार नाहीत.

पुढचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीने एप्रिल १९८९ मध्ये बाजारात आणलेला 'गेम बॉय'. त्याचे शिल्पकार गुनपेई योकोई यांचे एक सूत्र होते : नव्या आणि महागड्या तंत्रज्ञानाच्या मागे न धावता जुने, स्वस्त आणि पूर्ण सरावाचे झालेले तंत्रज्ञान अनपेक्षित कामासाठी वापरावे. म्हणून गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता आणि त्यामागे दिवाही नव्हता. त्याच वर्षी आलेल्या अटारी कंपनीच्या 'लिंक्स' या यंत्रात रंग आणि दिवा दोन्ही होते. पण सहा पेन्सिल सेल काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चाले. बाजारात कोण टिकले हे सर्वांना ठाऊक आहे.

गेम बॉय मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी अभावानेच दिसला. ब्रिक गेम मात्र दिसला. योकोई यांचे सूत्र या स्वस्त चिनी यंत्राने टोकाला नेले होते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. दोन पेन्सिल सेलवर हे यंत्र आठवडेच्या आठवडे चाले. विजेच्या तुटवड्याच्या काळात, विशेषतः २००५ ते २००८ या वर्षांत, मराठवाड्याच्या ग्रामीण व निमशहरी भागात दिवसाकाठी अनेक तास भारनियमन असे. दूरदर्शन संचाला जोडायची खेळयंत्रे त्या वेळात निरुपयोगी ठरत. ब्रिक गेमला महावितरणच्या वेळापत्रकाशी कर्तव्य नव्हते. त्याची एकच अडचण होती : पडद्याला स्वतःचा प्रकाश नसल्याने तो उन्हात उत्तम दिसे आणि दिवेलागणीनंतर कंदिलाजवळ तिरपा धरावा लागे.

चौकोनांची शर्यत कशी चालते

या यंत्राचा मुख्य पडदा १० स्तंभ आणि २० ओळींचा असतो. एकूण २०० चौकोन. प्रत्येक चौकोन काळा असतो किंवा कोरा असतो, तिसरी अवस्था नाही. म्हणजे पडद्यावरील संपूर्ण जग २०० बिटांत, अर्थात २५ बाइटांत, नोंदवता येते. आतील सूक्ष्मनियंत्रक बहुधा ४ बिटांचा, अगदी साध्या प्रतीचा असे. बहुतेक यंत्रांत शर्यतीतील मोटार सात चौकोनांची असते : वर मधोमध एक, त्याखाली तीन, मग पुन्हा एक आणि तळाशी चाकांच्या जागी दोन. ती तीन चौकोन रुंद आणि चार ओळी उंच भरते. रस्त्याला दोन पट्टे असतात. डावी कळ दाबली की मोटार डाव्या पट्ट्यात जाते, उजवी दाबली की उजव्या. मधली अवस्था नाही; वळण घेण्याची क्रियाही नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, खेळणाऱ्याची मोटार पुढे जातच नाही. ती पडद्याच्या तळाशी स्थिर असते आणि रस्ता खाली सरकतो. प्रोग्राम ठराविक अंतराने तीन कामे करतो. पडद्यावरील प्रत्येक ओळीतील मजकूर तिच्या खालच्या ओळीत उतरवला जातो. रिकामी झालेली सर्वांत वरची ओळ नव्याने भरली जाते. तिच्यात समोरच्या मोटारीचा भाग यायचा की मोकळा रस्ता, आणि मोटार असेल तर ती कोणत्या पट्ट्यात, हे एका आभासी यादृच्छिक संख्येवरून ठरते. शेवटी खाली उतरलेल्या चौकोनांपैकी एखादा खेळणाऱ्याच्या मोटारीच्या चौकोनावर पडतो काय, हे तपासले जाते. दोन्ही ठिकाणी बिट १ असेल तर टक्कर. तर्कशास्त्राच्या परिभाषेत हे साधे 'आणि' या संयोजकाचे काम आहे. संगणकशास्त्राच्या अध्यापकास पहिल्या वर्षाच्या वर्गात ही तिन्ही कामे फळ्यावर एका तासिकेत करून दाखवता येतील.

या जगात वेग म्हणजे काय? दोन ठोक्यांमधील काळ. हा काळ कमी केला की रस्ता वेगाने धावू लागतो. मोठी कळ दाबून धरली असता मोटार 'पळते', तेव्हा घडते ते एवढेच. रस्त्याच्या कडेला एक सोडून एक काळे चौकोन ठेवलेले असतात. ते खाली सरकताना दिसल्यामुळेच वेगाचा आभास पुरा होतो. रेल्वेच्या खिडकीतून तारेचे खांब मागे पळताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला आणखी एक दक्षता घ्यावी लागते. नवीन मोटार केव्हा आणायची हे केवळ यादृच्छिक संख्येवर सोडले, तर दोन्ही पट्टे एकाच वेळी अडण्याचा प्रसंग येईल. किंवा डावीकडील मोटारीच्या पाठोपाठ उजवीकडील मोटार इतक्या कमी अंतराने येईल की, मध्ये चार ओळींची मोटार शिरूच शकणार नाही. असे झाल्यास खेळणाऱ्याची चूक नसताना तो हरेल, आणि असा खेळ दुसऱ्यांदा कोणी हातात घेणार नाही. म्हणून लागोपाठच्या दोन मोटारींमध्ये पुरेशा मोकळ्या ओळी सोडणे हा नियम प्रोग्राममध्ये आधीच घातलेला असतो. खेळणाऱ्याला हा नियम कोणी सांगत नाही. पण शेकडो वेळा खेळून त्याच्या अंगवळणी पडते ते हेच : वाट कुठेतरी आहेच, ती वेळेत सापडली पाहिजे. हा अलिखित करार पुढील विवेचनात पुन्हा विचारात घ्यावा लागणार आहे.

पूर्वदर्शन आणि प्रतिसाद

खेळ कठीण होतो तो नेमका कशामुळे? एकूण २० ओळींपैकी तळाच्या चार ओळी खेळणाऱ्याच्या मोटारीने व्यापलेल्या असतात. उरतात १६. समोरची मोटार पडद्याच्या वरच्या कडेला प्रथम दिसल्यापासून ती आपल्या मोटारीच्या टोकाशी येईपर्यंत जो अवधी मिळतो, त्यास येथे 'पूर्वदर्शन-काल' म्हटले आहे. समजा, रस्ता सेकंदाला १० ओळी या गतीने सरकतो. तर हा काल १.६ सेकंद होईल. गती २० ओळी झाली तर ०.८ सेकंद आणि ४० ओळी झाली तर ०.४ सेकंद. रस्त्याची लांबी, मोटारींचा आकार, पट्ट्यांची संख्या यांपैकी काहीही बदललेले नसते. बदलतो तो फक्त हा काल.

याच्या विरुद्ध बाजूस मानवी प्रतिसादकाल उभा असतो. डोळ्यांना दिसलेल्या एखाद्या खुणेला ठरलेला एकच प्रतिसाद द्यायचा असल्यास तरुण व्यक्तीस साधारणतः ०.२ सेकंद लागतात. दोहोंपैकी एक प्रतिसाद निवडावयाचा असल्यास अधिक वेळ लागतो, हे डच शास्त्रज्ञ डाँडर्स यांनी १८६८ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. पर्याय वाढतील तसा हा काल कोणत्या प्रमाणात वाढतो याचा नियम १९५२ मध्ये हिक यांनी आणि पाठोपाठ १९५३ मध्ये हायमन यांनी मांडला : वाढ पर्यायांच्या संख्येच्या नव्हे, तर त्या संख्येच्या लॉगरिदमच्या प्रमाणात होते. दोन पट्ट्यांच्या ब्रिक गेमपेक्षा तीन पट्ट्यांचा 'ऑटो रेस' या दृष्टीने थोडा अधिक मागणी करणारा होता. २०१२ मध्ये आलेला आणि मोबाइलवर घरोघरी पोहोचलेला 'सबवे सर्फर्स' हा खेळही तीन पट्ट्यांचाच आहे. रंग, संगीत आणि आगगाडीचे डबे बाजूला सारले तर त्याच्या मुळाशी १९७६ ची तीच रचना सापडते.

प्रतिसादकाल मोजण्यासाठी महागड्या उपकरणाची आवश्यकता नाही. एका विद्यार्थ्याने मोजपट्टी उभी धरावी, दुसऱ्याने तिच्या शून्याच्या खुणेशी बोटे उघडी ठेवावीत. पट्टी अचानक सोडली असता ती किती सेंटिमीटरवर पकडली गेली ते पाहावे. मुक्त पतनाच्या सूत्रानुसार २० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.२० सेकंद आणि ३० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.२५ सेकंद होतात. ब्रिक गेममध्ये निष्णात असलेला विद्यार्थी या चाचणीत इतरांपेक्षा फार पुढे असेलच असे नाही. याचे कारण त्याचे कौशल्य वेगळ्या ठिकाणी असते. नवखा खेळाडू स्वतःच्या मोटारीकडे पाहतो. सरावलेला खेळाडू पडद्याच्या वरच्या भागाकडे पाहतो, समोरच्या मोटारीची खालची ओळ उगवताच तिचा पट्टा हेरतो आणि 'डावी-डावी-उजवी' अशी दोन-तीन हालचालींची साखळी अगोदरच ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्ष वाहनचालकांच्या बाबतीतही असाच भेद आढळला आहे. मूरंट आणि रॉकवेल यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवशिके चालक अनुभवी चालकांच्या तुलनेत वाहनाच्या अधिक जवळ नजर ठेवतात असे दिसून आले. दूर पाहण्याची सवय ही या खेळाची जमेची बाजू म्हणावी लागेल, आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

शर्यत की आट्यापाट्या?

या खेळाला शर्यत म्हणणे कितपत योग्य आहे? शर्यतीत प्रतिस्पर्धी असतो आणि त्यालाही जिंकावयाचे असते. शंकरपटात धावणाऱ्या बैलजोडीपुढे दुसऱ्या जोडीच्या वेळेचे आव्हान असते. (देवणी ही या भूमीची मान्यताप्राप्त गोवंश-जात ओढकामाची आणि दुधाची, शर्यतीच्या मैदानात नाव खिल्लारचे. पण हा विषय वेगळा.) ब्रिक गेममधील समोरच्या मोटारी कोणाशीच स्पर्धा करीत नाहीत. त्यांना खेळणाऱ्याच्या अस्तित्वाची जाणीव नसते. त्या केवळ अडथळे आहेत, आणि खेळ चुकवण्याचा आहे.

आपल्याकडील खेळांत याचे जवळचे नाते लागते ते आट्यापाट्यांशी. आट्यापाट्यांत आडव्या पाट्यांवर एकेक खेळाडू उभा राहून वाट अडवतो. त्याला आपली पाटी सोडता येत नाही. फक्त डावी-उजवीकडे सरकता येते. दुसऱ्या पक्षाने त्याचा स्पर्श चुकवून एकामागून एक पाट्या ओलांडावयाच्या असतात. ब्रिक गेममध्ये खेळाडू जागेवर राहतो आणि पाट्याच त्याच्या अंगावर चालून येतात, एवढाच उलटापालट. मात्र एक भेद मूलगामी आहे. आट्यापाट्यांचा प्राण हुलकावणीत आहे. डावीकडे झेप घेतल्याचे भासवून उजवीकडून निसटायचे, तर समोर आपल्याकडे पाहणारा, आपला अंदाज बांधणारा आणि म्हणून फसू शकणारा माणूस हवा. यंत्रातील मोटारीला हुलकावणी देता येत नाही, कारण ती पाहतच नाही. तेव्हा या खेळात नजर आणि बोटे तयार होतात. समोरच्याचे मन ओळखण्याची तयारी होत नाही. रस्त्यावर वाहन चालवताना मात्र ती फार लागते. समोरचा रिक्षावाला थांबणार की वळणार, हे त्याच्या मानेच्या हालचालीवरून ओळखावे लागते.

पडद्याला आलेली खोली

ब्रिक गेमचा रस्ता वरून पाहिलेल्या नकाशासारखा सपाट असतो. समोरची मोटार दूर असो वा जवळ, ती सात चौकोनांचीच. मोठ्या यंत्रांवर चालकाच्या मागून दिसणारा रस्ता नामको कंपनीच्या 'पोल पोझिशन' या खेळाने १९८२ मध्येच लोकप्रिय केला होता. तळहातावरील पडद्यावर हे दृश्य सफाईने आले ते पुढे. निन्टेंडोच्या 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स' (२००१) या यंत्राच्या पडद्यावर १६० आडव्या रेषा होत्या. त्यावरील 'मारिओ कार्ट : सुपर सर्किट' (२००१) या खेळात रस्त्याचा सपाट नकाशा एकच असतो, परंतु पडद्याची प्रत्येक आडवी रेषा काढण्यापूर्वी त्या नकाशाचे प्रमाण बदलले जाते. वरच्या, म्हणजे क्षितिजाजवळच्या, रेषेत नकाशाचा मोठा भाग आकसून बसवला जातो आणि खालच्या रेषेत लहान भाग ताणून. परिणामी रस्ता दूरवर निमुळता होत गेल्यासारखा दिसतो. ही युक्ती त्याच कंपनीच्या घरगुती यंत्रावर १९९० च्या 'एफ-झीरो' या खेळात वापरली गेली होती. सोनी कंपनीच्या 'प्लेस्टेशन पोर्टेबल' (२००४) या यंत्रावर खरोखरीच्या त्रिमित आकृत्या आल्या आणि अशा युक्तीची गरज उरली नाही.

हा बदल केवळ देखणेपणाचा नव्हता. मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी क्रुक्स यांच्यासमवेत १९३८ मध्ये वाहनचालनावर एक निबंध लिहिला होता. चालकाच्या पुढे 'सुरक्षित मार्गाचे क्षेत्र' जिभेसारखे पसरलेले असते आणि वाहन चालवणे म्हणजे त्या क्षेत्राच्या मध्यावर राहणे, असे त्यात प्रतिपादन होते. पुढे १९७६ मध्ये डेव्हिड ली यांनी दाखवून दिले की, समोरच्या वस्तूची डोळ्यातील प्रतिमा किती झपाट्याने फुगत आहे यावरूनच आघाताला किती वेळ उरला आहे याचा अंदाज चालकाला येऊ शकतो. अंतर आणि वेग वेगवेगळे कळण्याची गरज नसते. ब्रिक गेममध्ये प्रतिमा फुगतच नाही. तेथे ओळी मोजाव्या लागतात. निमुळत्या रस्त्याच्या खेळांत ती फुगते. म्हणजे डोळ्यांपुरते पाहिले तर दुसऱ्या प्रकारचे खेळ खऱ्या रस्त्याच्या अधिक जवळ गेले.

नियमांच्या बाबतीत मात्र उलट प्रवास घडला. ब्रिक गेममध्ये टक्कर म्हणजे नुकसान. एक जीव गेला. पीएसपीवर २००५ मध्ये आलेल्या 'बर्नआउट लेजेंड्स' सारख्या खेळांत समोरून येणाऱ्या वाहतुकीत घुसणे, इतर वाहनांना निसटते चाटून जाणे, प्रतिस्पर्ध्याला आदळून बाहेर फेकणे यांबद्दल बक्षीस मिळते. 'मोटारींचा खेळ' हे एकच नाव दोहोंना लावून सरसकट निर्णय देणे अभ्यासाच्या शिस्तीत बसत नाही.

खेळातून रस्त्यावर

जर्मनीतील पीटर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याविषयी सर्वेक्षण आणि प्रयोग प्रसिद्ध केले. धोकादायक चालनाला उत्तेजन देणारे शर्यतीचे खेळ खेळल्यानंतर, विशेषतः पुरुषांमध्ये, पडद्यावर दाखवलेल्या वाहतुकीच्या बिकट प्रसंगी अधिक धोका पत्करण्याची प्रवृत्ती वाढल्याचे त्यांत आढळले. हे मापन प्रयोगशाळेतील आहे, रस्त्यावरील नव्हे, ही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. दुसऱ्या बाजूस ग्रीन आणि बॅव्हेलिये यांच्या २००३ मधील शोधनिबंधात वेगवान अ‍ॅक्शन खेळ खेळणाऱ्यांचे दृष्टिगत अवधान अधिक व्यापक असल्याचे म्हटले आहे. परंतु ते खेळ मुख्यतः नेमबाजीचे होते. दोन्ही निबंधांचा हवाला वृत्तपत्रांतून बेफिकिरीने दिला जातो.

प्रयोगशाळेत न जाताही एक तुलना करता येते. खेळातील मोटारीला वस्तुमान नसते. कळ सोडताच ती तत्क्षणी हळू होते. खऱ्या वाहनाचे तसे नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलस्वारास धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत १ सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर दर सेकंदास ६ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग घटला असे मानले, तर थांबण्यास आणखी सुमारे १० मीटर लागतात. एकूण २१ मीटर. वेग ताशी ६० असता हे एकूण अंतर ४० मीटर आणि ८० असता ६३ मीटर होते. वेग दुप्पट केल्यावर प्रतिसादाचे अंतर दुप्पट होते. ब्रेकचे अंतर मात्र चौपट, १० वरून ४१ मीटर. ब्रिक गेममध्ये यांतील पहिला भाग आहे, दुसरा नाही. ज्या रेषीय आणि वर्गात्मक संबंधांवर रस्त्यावरील जगणे-मरणे अवलंबून असते, त्यांतील नेमका वर्गात्मक संबंध खेळातून गळालेला आहे.

रात्रीच्या वेळी हा भेद अधिक तीव्र होतो. अंधारात दिव्याचा झोत जेथवर पोहोचतो तेवढाच रस्ता दिसतो. झोत म्हणजे जणू त्या १६ ओळी. समजा, डिपरवर ४० मीटर रस्ता दिसतो. ताशी ६० ला तो कसाबसा पुरतो. ताशी ८० ला पुढचा अडथळा दिसेपर्यंत थांबण्याची वेळ निघून गेलेली असते. प्रतिसाद कितीही चपळ असला तरी. लातूर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. अनेकांना मागे दिवा नसतो, परावर्तकही नसतो. वाढे लोंबत असल्याने गाडीची कड कुठे संपते तेही कळत नाही. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रखर झोताने डोळे दिपलेले असताना अशी ट्रॉली पुढ्यात आली, तर दोन्ही पट्टे एकाच वेळी अडलेले असतात. हाच तो प्रसंग, जो टाळण्यासाठी खेळाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने मोकळ्या ओळी सोडलेल्या होत्या. उदगीर-लातूर किंवा उदगीर-देगलूर रस्त्यावर त्या कोणी सोडलेल्या नाहीत. खेळात वाट शोधण्याची सवय लागलेली व्यक्ती येथे ब्रेकऐवजी फट शोधते, आणि फट नसते.

कायद्याची बाजू थोडक्यात नमूद करणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार गिअरची मोटारसायकल चालवण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. २०१९ च्या सुधारणेने घातलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि २५ हजार रुपये दंड यांस पात्र ठरतो. कनिष्ठ महाविद्यालयाच्या आवारात उभ्या असलेल्या दुचाकींच्या रांगेकडे या तरतुदीच्या प्रकाशात पाहिल्यास परिस्थिती वेगळी सांगावी लागत नाही.

भौतिकशास्त्र विभाग आणि शारीरिक शिक्षण संचालक यांनी मिळून एक साधा उपक्रम करता येण्याजोगा आहे. मैदानावर एका रेषेपासून २१, ४० आणि ६३ मीटरवर फक्कीने आडव्या रेघा माराव्यात. विद्यार्थ्यांनी प्रथम मोजपट्टीच्या साहाय्याने स्वतःचा प्रतिसादकाल काढावा आणि नंतर आरंभरेषेवर उभे राहून ताशी ८० च्या वेगाने येणारी गाडी कोठे थांबेल, ते ठिकाण अंदाजाने दाखवावे. त्यानंतर प्रत्येकाने त्या तिसऱ्या रेघेपर्यंत चालत जाऊन पावले मोजावीत. साधारण पाऊण मीटरचे पाऊल धरल्यास ती चौऱ्याऐंशी भरतात.